दोन्ही स्प्रिंगा बदलाव्या लागतील

शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. आमची ही ओट्याशी उभी होती. तिच्या हातातलं पातेलं सिंकमध्ये पडलं. मला वाटलं, सिलिंडर गेला. चिरंजीव आंघोळ अर्धी टाकून, टॉवेल गुंडाळून, डोक्याचा साबण तसाच ठेवून धावत आले. आमच्या स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरायला दोन पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांवर आम्ही तिघं एकमेकांना धरून उभे राहिलो.

आत काहीच झालेलं दिसेना. शाळेची व्हॅन जागेवर होती. दार बंद होतं. मग चिरंजीवाने वर बोट दाखवलं. दाराच्या माथ्यावर एक आडवा लोखंडी दांडा आहे आणि त्यावर दोन जाड स्प्रिंगा चढवलेल्या आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. दार अख्ख्या लाकडाचं, वजनाला म्हशीसारखं, पण ह्या दोन स्प्रिंगांच्या जोरावर ही ते एका हाताने वर सारायची. दुसऱ्या हातात रंगाचा डबा असायचा. त्यातली डावीकडची स्प्रिंग मधोमध तुटली होती. दोन तुकड्यांच्या मध्ये तीन बोटं मावतील एवढी फट पडली होती म्हणे. म्हणे म्हणतो, कारण मला ती दिसली नाही.

माझ्या डोळ्यांचं इथेच सांगून टाकलेलं बरं. उजवा डोळा केव्हाच धुक्यात गेला होता आणि डावा त्याच्या मागे निघाला होता. येत्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. त्याचे पैसे चिरंजीवाने शाळेच्या मुलांच्या फेऱ्या मारून मारून जमवले होते आणि बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. मुलं त्याला पोंपोंकाका म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी आला की तसा हॉर्न वाजवतो, म्हणून. वय वाढलं तरी ह्याचं लग्न जमेना, आणि जमलं नाही याचं त्याला फारसं वाईटही वाटत नसावं. त्याचं सगळं लक्ष त्या व्हॅनमध्ये आणि आम्हा दोघांमध्ये.

दुपारी दारवाला आला. गॅरेजची दारं बसवणं, दुरुस्त करणं, एवढंच त्याचं काम. माणूस ठेंगणा, रुंद, बोलायला सावकाश. त्याने वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "दोन्ही स्प्रिंगा बदलाव्या लागतील."

"तुटली तर एकच आहे," चिरंजीव म्हणाला.

"दोघी एकाच दिवशी चढल्यात. एकीने मान टाकली, आता दुसरी किती दिवस काढणार? महिन्याभरात मला परत बोलवाल आणि मजुरी परत द्याल."

"मग तुमचा काय तोटा आहे?"

"तुमच्या एका पायातली चप्पल तुटली, तर दुकानात जाऊन एकच मागता का?"

"दिली असती तर मी मागितली असती," ही म्हणाली.

दारवाला हसला नाही. त्याने दोन स्प्रिंगा, दोन तारा आणि मजुरी मिळून आकडा सांगितला. ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हो का? आणि त्यात दाराबरोबर घर पण येतं का नवीन?"

"बाई, स्प्रिंगची किंमत त्यात थोडीच आहे. बाकीचे पैसे आहेत ते मी संध्याकाळी धडधाकट घरी जावं म्हणून."

तो निघाला तेव्हा दारात थांबून चिरंजीवाला म्हणाला, "मला नाही बोलावलंत तरी चालेल. दुसऱ्या कोणाला बोलवा. पण स्वतः हात घालू नका."

त्याची पाठ फिरल्याबरोबर चिरंजीव म्हणाला, "घाबरवून पैसे काढायची रीत आहे यांची."

आकडा डब्यातल्या पैशांना जवळजवळ गिळून टाकत होता. हे आम्हा तिघांनाही त्याच क्षणी कळलं होतं आणि तिघांपैकी कोणीही तोंडाने म्हणत नव्हतं. शेवटी जेवताना मीच म्हणालो.

"गुरुवारचं पुढे ढकल."

"पुढे म्हणजे कधी, बाबा? ही तारीख मिळायला किती थांबलो आपण?"

"मला एका डोळ्याने पुरतं."

"परवा शेजारच्या कुंपणावर वाळत घातलेल्या कोटाला तुम्ही विचारलंत, बरे आहात ना म्हणून."

"अरे, मग त्याने उत्तर द्यायला हवं होतं."

ही हसली. मला वाटलं होतं ती माझी बाजू घेईल. तिने ताटातलं निवडत मान खाली घातली आणि म्हणाली, "त्या डब्याला हात लावायचा नाही. मी सांगून ठेवते."

दोघं एक झाले होते. माझ्या डोळ्यासाठी एक झाले होते, म्हणून मला रागवताही येईना.

मी म्हटलं, निदान सोमवारपुरतं चार माणसं बोलावू, दार उचलू, गाडी बाहेर काढू. तर चिरंजीव म्हणे, संध्याकाळी परत आत घालायला चार माणसं कुठून आणायची, आणि मंगळवारी? रस्त्यावर ठेवली तेव्हा एका रात्रीत दोन्ही आरसे गेले होते. शाळेच्या बाईंनी गेल्याच महिन्यात त्याला बोलावून सांगितलं होतं, पुन्हा एकदा मुलं फाटकापाशी ताटकळली तर आम्ही दुसरी गाडी बघू. त्याचंही खरं होतं. शेजारच्या सुताराला बोलावून दोघांनी एकदा जोर लावला, दार गुडघ्याएवढं उठलं आणि दोघांच्या हातून सुटलं. घरातली भांडी खणखणली.

"झालं," तो तळहात चोळत म्हणाला. "उद्या मीच स्प्रिंग बसवतो. मोबाइलवर एकाने अख्खं काम करून दाखवलंय. चहा पिता पिता बसवली त्याने."

रविवारी सकाळी तो बाजारातून एक नवी स्प्रिंग घेऊन आला. बरोबर ती पिळायला भंगारवाल्याकडून कापून आणलेले दोन लोखंडी गज. त्याने सगळं गॅरेजमध्ये ओळीने मांडलं. मला रात्रभर झोप नव्हती. दारवाल्याचं ते धडधाकट घरी जाण्याचं बोलणं डोक्यात घुमत होतं. पोराचे दोन हात. त्याच हातांनी तो गाडी चालवतो, मुलांना उचलून आत बसवतो, माझ्या डोळ्यात औषध घालतो. हे हात गेले तर मला जग स्वच्छ दिसून करायचं काय होतं?

बोलून उपयोग नव्हता. मग मी गॅरेजमध्ये उतरलो आणि हत्यारांच्या पेटीवर जाऊन बसलो.

"बाबा, उठा."

"पाय दुखतात."

"खुर्ची आणून देतो."

"मला इथेच बरं वाटतंय."

त्याने माझ्याकडे बघितलं असणार. मग तो बाहेर गेला आणि सुताराची हत्यारं उसनी मागून आला.

"बसा मग," तो म्हणाला. "पिल्लं निघाली की सांगा."

हीसुद्धा हसली. मी उठलो नाही. उठलो असतो तर तिथे थांबायला कारण उरलं नसतं.

दार बंद असल्यामुळे पुढच्या बाजूला अंधार होता. ही बॅटरी धरून डाव्या कोपऱ्यात त्याच्याशेजारी उकिडवी बसली. मी पेटीवर, त्यांच्या मागे, हाताच्या अंतरावर. मला त्या दोघांच्या पाठी दिसत होत्या, दोन काळे ठिपके, आणि त्यांच्यामध्ये उजेडाचा एक गोळा.

"आधी ही खालची पट्टी काढायची," तो म्हणाला. दाराच्या खालच्या कोपऱ्यात लोखंडाची एक जाड पट्टी असते. वरून येणारी तार तिलाच अडकवलेली असते. "पट्टी निघाली की तार मोकळी, तार मोकळी झाली की वरचा दांडा मोकळा."

"त्या मोबाइलवाल्याने असंच केलं?"

"अगदी असंच."

पट्टी तीन बोल्टांवर होती आणि त्या बोल्टांवर रंगाचे थर होते. त्याला कारण आमची ही. लग्नाआधी ती खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्या रंगवायची, त्यांचे गाल, ओठ, भुवया. कारखाना सुटला, पण ब्रश सुटला नाही. आमच्या घरात जे जे हलत नाही ते ती दरवर्षी रंगवते. भिंती, खिडक्या, खुंट्या, पाण्याचे नळ, मीटरची पेटी. सगळं एकाच रंगात. त्यामुळे रंगावर ती दिवसातून चार वेळा बोलते, आणि त्यामुळेच ती रंगावर बोलायला लागली की आम्ही बापलेक कान मिटून घेतो. तिच्या बहिणीही घेतात. सुतारही घेतो.

चिरंजीवाने स्क्रूड्रायव्हरने रंग टवका टवका उडवायला सुरुवात केली.

"अरे हळू, सगळा रंग निघतोय."

"आई, उजेड इकडे धर."

"मागच्याच वर्षी हात दिला होता."

"आई."

पाना लागला. पहिला बोल्ट बराच वेळ हलेना. त्याने हातोडीने पान्यावर दोन ठोके दिले तेव्हा करकरत फिरला. खाली पडून टणटण करत तो व्हॅनच्या चाकाखाली गेला. दुसरा लवकर निघाला.

दुसरा निघताना पाना कुठेतरी घासला आणि एक आवाज झाला. बारीक, लांबलेला, एखादं तंतुवाद्य नखाने छेडावं तसा.

"काय वाजलं?" मी विचारलं.

"तार. स्प्रिंग तुटली, म्हणजे ती सैलच."

"सैल तार वाजते का रे?"

"बाबा, तुम्ही अंडी उबवा."

पण तो आवाज काही जाईना. डोळे गेल्यापासून माझे कान नको तेवढे लागतात. कपडे वाळत घालायची दोरी सैल असली की वाजत नाही, ताठ असली की वाजते, एवढंच मला माहीत. म्हटलं, बोलावं का? परत हसतील. त्याने पाना तिसऱ्या बोल्टला लावला होता. फिरवल्याचा आवाज आला. एक फेरा. त्याने दम घेतला, अजून जवळ सरकला आणि नीट दिसावं म्हणून तोंड पार पट्टीवर नेलं. त्याच्या श्वासाचा आवाज लाकडावर आपटून परत येत होता. दुसरा फेरा.

"शी!" ही एकदम वैतागून म्हणाली. "आला बघ परत वर. तीन तीन हात दिले तरी आला. मेला हा लाल असाच. काहीही फासा, खालून वर येतोच."

"आई, रंगाचं नंतर."

"नंतर काय? बघ ना, गुलाबी दिसायला लागलंय सगळं."

"कुठला लाल?" मी विचारलं.

माझ्या आयुष्यात मी तिला रंगावर विचारलेला तो पहिलाच प्रश्न असावा. ती चमकून मागे वळली. बॅटरीचा उजेड माझ्या तोंडावर आला.

"अहो, ह्या बोल्टांचा. दार आणलं तेव्हा हे लाल होते. किती ओंगळ दिसत होते! सगळं करडं आणि मध्येच हे लाल."

"सगळं करडं होतं?"

"सगळं. दांडे, रूळ, चाकं. फक्त हेच लाल. दोन्ही कोपऱ्यांतले."

तिसरा फेरा सुरू झाल्याचा आवाज आला.

"थांब!" मी ओरडलो. सगळ्या करड्यात एवढेच लाल कोणी उगीच ठेवत नाही.

"आता काय झालं?"

"हात थांबव. पाना सोडू नकोस आणि फिरवूही नकोस. मला एवढंच सांग, त्या मोबाइलवाल्याच्या दाराला स्प्रिंगा किती होत्या?"

"एक. मधोमध एकच. पण ती पण तुटलीच होती ना. तुटलेल्या स्प्रिंगमध्ये काय जोर..."

तो बोलता बोलता थांबला. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण त्याने मान वर केली हे कळलं. वर उजवीकडे दुसरी स्प्रिंग होती, न तुटलेली, पिळलेली, एका वजनदार दाराचं अर्धं वजन अंगात धरून बसलेली. त्याच दांड्यावर. आणि त्या दांड्यावरून आलेली तार त्याच्या नाकासमोर.

"टक्," असा आवाज झाला. कोणी काही केलं नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला. त्याचा आवाज पार लहान झाला होता. "पट्टी वाकडी होतेय. एका बाजूने उचलली गेलीय. बोल्ट ओढला जातोय."

ही उठली. मला वाटलं, किंचाळेल. ती बॅटरी घेऊन उजव्या कोपऱ्याकडे धावली आणि आम्ही दोघं अंधारात राहिलो.

"आई, उजेड!"

"थांब. उजवीकडची पट्टी तू अजून खरवडली नाहीस. बघते."

तिच्या झग्याच्या खिशात रंग खरवडायचं पातं कायम असतं. तिच्या खरवडण्याचा आवाज येत राहिला, झपझप, उंदराने कुरतडावं तसा. मी पेटीवरून उठलो, चाचपडत पुढे झालो आणि चिरंजीवाची कॉलर मागून घट्ट धरली. त्याची मान ओली होती. माझ्या बोटांखाली त्याची शीर उडत होती. वेळ आली तर त्याला मागे खेचायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ते ह्या हातांना जमेल की नाही, याचा विचार करायला वेळ नव्हता.

"लाल आहे," ती कोपऱ्यातून म्हणाली. "तिन्ही लाल आहेत. आणि इथे रंगाखाली कागद चिकटवलेला आहे. त्यावर चित्र आहे."

"कसलं?"

"हाताचं. हात काढलाय आणि त्यावर आडवी रेघ मारलीय."

मग ती रडत म्हणाली, "मला वाटलं कंपनीची जाहिरात आहे."

"आई, रडू नकोस. उजेड आण," तो म्हणाला.

ती आली. मी म्हटलं, "तोंड बाजूला घे. पार बाजूला, माझ्याकडे. आता तो बोल्ट परत आत घाल. सावकाश."

"न बघता?"

"मी कसं करतो सगळं? घाल."

त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. इतक्या जवळ असूनही मला त्याचा चेहरा म्हणजे एक फिकट डाग दिसत होता. पाना फिरला. लाकूड कण्हलं. पाना सटकला, त्याच्या बोटांची सालं निघाली असावीत, कारण त्याच्या तोंडून शिवी गेली आणि आईसमोर शिवी दिली म्हणून लगेच "सॉरी" म्हणाला. परत लावला. एक फेरा. दुसरा फेरा. मग पाना फिरेना.

"बसला?"

"बसला वाटतं. पण बाकीचे दोन नाहीत, बाबा. एकावरच आहे सगळं."

"सोड. मागे हो."

मी कॉलर सोडली नाही. तशीच धरून त्याला व्हॅनच्या कडेने, पायऱ्यांपर्यंत मागे मागे नेला. लहानपणी जत्रेत हरवेल म्हणून धरायचो, तसा.

फोन हिने लावला. दारवाला जेवत असावा. तिने सगळं सांगितलं, बोल्ट, लाल, चित्र. त्याचा आवाज आम्हालाही ऐकू आला.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"कोणीही जायचं नाही. मधलं दार लावून घ्या. मी येतो."

आम्ही स्वयंपाकघरात टेबलाभोवती बसलो. चिरंजीवाच्या बोटांना तिने फडकं गुंडाळलं. चहा करू का म्हणून विचारलं आणि केला नाही. बंद दारापलीकडे तो एक बोल्ट उभा होता. मधूनच लाकूड कुरकुरायचं आणि आम्ही तिघंही श्वास धरायचो. एकदा फ्रीज सुरू झाला तर ही खुर्चीतून अर्धी उठली.

"मी तुम्हाला पेटीवर बसलात म्हणून हसलो," चिरंजीव म्हणाला.

"बसायला कडक होती," मी म्हणालो.

दारवाला आला तो पायात जाड बूट आणि डोळ्यांवर जाडा चष्मा घालून. आम्हाला त्याने पायऱ्यांच्या वर उभं केलं आणि एकटा आत उतरला. आधी बॅटरीने कोपरा बघितला. बराच वेळ बघितला. मग शिडी लावून वर चढला, दांड्याला पकड घट्ट अडकवली आणि स्प्रिंगच्या टोकाच्या भोकात एक गज घातला.

पुढचं चिरंजीव मला हळू आवाजात सांगत होता. "त्याने गज धरला. अंगाचा सगळा भार टाकलाय, बाबा. दोन्ही हात. मानेच्या शिरा फुगल्यात. आता गज वर येतोय. गजच दारवाल्याला वर ढकलतोय, बाबा. त्याने दुसरा गज घातला. पहिला काढला." मग तो सांगायचा थांबला. मला नुसतं ऐकू येत होतं, लोखंडात लोखंड शिरल्याचं, आणि त्या ठेंगण्या माणसाचं हुं, हुं. कितीतरी वेळ ते चाललं होतं. एकेक पीळ उतरत होता. शेवटी तार सैल पडून जमिनीला लागल्याचा आवाज आला. अगदी मऊ.

"या आता," तो म्हणाला.

त्याने डाव्या पट्टीतला तो शेवटचा बोल्ट नुसत्या हाताने फिरवून काढला आणि चिरंजीवाच्या तळहातावर ठेवला. बोल्ट वाकला होता. चिरंजीव तो बोटांनी चाचपत राहिला. मीही चाचपला.

"अजून दोन फेरे दिले असतेत," दारवाला म्हणाला, "तर ही पट्टी तारेबरोबर वर गेली असती. मध्ये जे काही असतं ते घेऊन." मग तो वाकून म्हणाला, "ह्या बोल्टांवर हे पांढरं कोणी फासलंय?"

"क्रीम आहे ते," ही म्हणाली. "पांढरं नाही."

दारवाल्याने चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलणार. पण चिरंजीव मध्ये पडला. "रंगाचं आईला विचारायचं नाही," तो म्हणाला. "म्हणजे, विचारायचं. आम्हीच विचारलं नाही कधी."

मग त्याने बाजारातून आणलेली ती एक नवी स्प्रिंग पायाने बाजूला सारली. ती आमच्या दाराच्या वजनाची नव्हतीच, असं दारवाल्याने बघता क्षणी सांगितलं होतं.

"दोन्ही बदला," चिरंजीव म्हणाला. "तारा पण. आणि ह्या खालच्या पट्ट्या पण."

"आज रविवार आहे. मजुरी जास्त पडेल."

"पडू दे," मी म्हणालो आणि डबा आणायला गेलो. ही माझ्यामागे आली. डबा फडताळात वरच्या फळीवर होता. तिचा हात माझ्या आधी पोचला. तिने तो काढला, छातीशी धरून क्षणभर उभी राहिली आणि माझ्या हातात दिला. आमच्यात एवढंच झालं. डबा काही पुरता रिकामा झाला नाही, पण गुरुवारला पुरेल एवढं त्यात उरलं नाही.

दारवाल्याला चिरंजीवाने पैसे दिले, तेव्हा तो म्हणाला, "काल म्हणालात ना, धडधाकट घरी जायचे पैसे. तेव्हा महाग वाटले होते."

"सगळ्यांना वाटतात," दारवाला म्हणाला आणि शिडी खांद्यावर टाकून गेला.

सोमवारी सकाळी हिने दार एका हाताने वर सारलं. काही आवाज झाला नाही, नुसता रुळांवरून चाकं गेल्याचा. व्हॅन बाहेर पडली. बोटांना फडकं असूनही चिरंजीवाने गल्लीच्या तोंडाशी हॉर्न दोनदा वाजवला.

तो गेल्यावर मी दवाखान्यात फोन करून गुरुवार सोडला. तिथली बाई म्हणाली, आता पुढची तारीख पावसाळ्यानंतर. मी म्हटलं, चालेल. तिला काय सांगायचं, त्या तारखेच्या बदल्यात मी काय विकत घेतलं ते.

फोन ठेवून गॅरेजमध्ये उतरलो तर ही दार परत खाली ओढून, बॅटरी लावून कोपऱ्यात बसलेली. मला रंगाचा वास आला.

"काय चाललंय?"

"काही नाही. नवीन पट्ट्यांचे बोल्ट कंपनीने लालच दिलेत. पण काय तो लाल! विटका. जुन्या सामानात माझा एक छोटा डबा होता, बाहुल्यांच्या ओठांचा. तो काढला." ती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिचे गुडघे कटकट वाजले. "क्रीमचा एक थेंब पडू देणार नाही इथे. तुम्ही जिवंत असेपर्यंत तर नाहीच."

"नंतर?"

"नंतर बघू. अहो, इकडे या. बघा, कसा दिसतो."

मी दारापाशी गेलो आणि डावा डोळा बारीक करून खाली वाकलो. दार दिसत नव्हतं. पट्टी दिसत नव्हती, तिचा हातही नीट दिसत नव्हता. पण धुक्यात एका ठिकाणी एक ओला, टवटवीत लाल ठिपका होता. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा.

"दिसतो?" तिने विचारलं.

"दिसतो," मी म्हणालो. "तिन्ही दिसतात."